मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जायला 16 तास आणि यायला पावणेपंधरा कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा डिसेंबरात मुंबईहून न्यूयॉर्कला मुलाकडे निघालेत, मुलगा शेजारच्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. विमानतळांमधलं अंतर सांगणारं एक संकेतस्थळ म्हणतं 12,530 किलोमीटर, 14 तास 25 मिनिटं. तिकिटावर जायचं विमान मध्यरात्रीनंतर 1:10 ला सुटून सकाळी 6:40 ला पोचतं आणि प्रवासाचा वेळ 16 तास लिहिला आहे. परतीचं सकाळी 11:30 ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी 12:45 ला पोचतं, वेळ 14 तास 45 मिनिटं. यातला खरा आकडा कोणता? आणि विमान सरळ पश्चिमेला न जाता आइसलंडच्या दिशेने का वळतं?

मी बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे फ्लाइट प्लॅन काढायचं काम केलं. वैमानिक विमान उडवतो, पण आज कोणत्या वाटेने जायचं, किती उंचीवर, किती इंधन भरून, हे उड्डाणाच्या काही तास आधी जमिनीवर ठरतं आणि मग वैमानिक ते तपासून सही करतो. त्यामुळे उत्तर त्या टेबलावरून देतो.

तिकिटावरचे दोन्ही वेळ खरे आहेत. संकेतस्थळावरचं अंतरही बरोबर आहे. चुकीचा आहे तो त्यांचा वेळ, कारण त्यांनी अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागून वर अर्धा तास मिळवला आहे. 12,530 भागिले 900 म्हणजे 13 तास 55 मिनिटं, अधिक 30 मिनिटं, झाले 14 तास 25. त्यात वारा नाही, बंद आकाश नाही, धावपट्टीवरची रांग नाही. दोन विमानतळांमधलं अंतर ही भूगोलाची गोष्ट आहे, ती बदलत नाही. वेळ मात्र रोज नव्याने ठरतो.

आधी अंतर. 12,530 किलोमीटर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं दाबून धरा आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाणार नाही. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा वर चढत जाईल, आइसलंडच्या पूर्वेला साधारण 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचेल आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरेल. मुंबईहून निघताना या वाटेची दिशा पश्चिम तर नाहीच, वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली असते, होकायंत्रावर साधारण 333 अंश. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर जी रेघ ‘सरळ’ दिसते ती प्रत्यक्षात सुमारे 14,200 किलोमीटरची भरते. म्हणजे नकाशात वळसा घालणारं विमान जवळच्या वाटेने जात असतं आणि सरळ वाटणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरनी लांब असते. नकाशा गोलावरून सपाटीवर आणताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्याचा हा परिणाम.

दोन संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नका. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांकडे किंचित चपटी धरतं. कोणी ‘न्यूयॉर्क’ म्हणजे जेएफके विमानतळ धरतं, कोणी नदीपलीकडचं न्यूअर्क. मुंबईपासून या दोघांच्या अंतरात दहा-पंधरा किलोमीटरचाच फरक आहे. मात्र मुलगा एडिसनला राहत असेल तर हा निर्णय हवेत नाही, जमिनीवर घ्यायचा असतो. न्यूअर्कहून तो अर्ध्या-पाऊण तासात घरी नेईल. जेएफकेहून सकाळच्या गर्दीत न्यूयॉर्क शहर ओलांडून जायचं म्हणजे दीड-दोन तास धरून चाला.

विमान हे कमीत कमी अंतर कधीच तंतोतंत उडत नाही. आमच्याकडे फ्लाइट प्लॅनमध्ये जमिनीवरून कापायचं प्रत्यक्ष अंतर वेगळं छापलं जातं. ते नेहमीच जास्त असतं: हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंतून जातात, विमानतळाजवळ वाऱ्याच्या दिशेनुसार उलटं फिरून उतरावं लागतं, काही लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात. शांत दिवसात ही वाढ दोन-तीन टक्के असते. सध्याचे दिवस शांत नाहीत.

24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही काही दिवसांत तेच केलं, आणि मग ही बंदी महिन्या-महिन्याने पुढे ढकलली जात राहिली. बालाकोटनंतर 2019 मध्येही फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. दोऱ्याची वाट मुंबईहून निघाल्या निघाल्या पाकिस्तानातच शिरते, म्हणून भारतीय कंपनीचं विमान आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या आखाताकडे सरकतं आणि तिथून उत्तरेला वळतं. मी कागदावर मोजून पाहिलं: ओमानचं आखात, इराण, तुर्कस्तान, पुढे युरोप अशी वाट धरली तर एकूण अंतर 13,000 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे मुंबईला साडेचारशे-पाचशे किलोमीटरचा, जेमतेम अर्ध्या तासाचा फटका. दिल्लीचं दुखणं मोठं आहे. दिल्लीहून न्यूयॉर्क सरळ 11,750 किलोमीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा जवळ. पण दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग वर जावं लागतं, त्यात दीड हजार किलोमीटरहून अधिक भर पडते. नकाशावर जवळचं शहर आकाशात लांबचं झालं. बंदीनंतरच्या सुरुवातीच्या काळात दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं ते याचमुळे.

इथे आणखी एक गाठ आहे. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकी, युरोपीय, ब्रिटिश आणि कॅनडाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना ते खुलं आहे. युक्रेनवरून तर कोणीच जात नाही. इराण-इराककडे तणाव वाढला की ती वाटही काही दिवस मिटते. परिणाम असा की एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, भारतीय आणि अमेरिकी कंपनीची विमानं वेगवेगळे देश ओलांडत जातात. शेजाऱ्यांचे आई-बाबा कमी वेळात पोचले आणि आपले का नाही, याचं उत्तर कित्येकदा वैमानिकात किंवा विमानात नसतं, त्याच्या शेपटीवरच्या नोंदणीत असतं.

आता वारा. जाण्या-येण्यातल्या सव्वा तासाच्या फरकाचं खरं कारण हेच, आणि प्रवाशांना ते सगळ्यात कमी सांगितलं जातं.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं आपल्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे धावत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जाणं रोजचं आहे. असा एक पट्टा उत्तर अटलांटिकवर असतो. दुसरा हिवाळ्यात अरबस्तान, इराण, उत्तर भारत असा खाली सरकतो. म्हणजे डिसेंबरात मुंबईहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानाला सुरुवातीला एक भेटतो आणि समुद्रावर दुसरा, दोन्ही समोरून.

विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो. आवाजाच्या वेगाच्या 0.84 पट म्हणजे त्या थंड उंचीवर ताशी सुमारे 890 किलोमीटर. हवा स्वतःच ताशी 50 किलोमीटरने समोरून येत असेल तर जमिनीवरून प्रगती 840 ची. पाठीमागून असेल तर 940 ची. अख्ख्या वाटेची सरासरी काढली की पन्नास हा आकडा फार मोठा नाही, पण 12,530 किलोमीटरवर तेवढ्यानेच जाताना 14 तास 55 मिनिटं आणि येताना 13 तास 20 मिनिटं असा दीड तासाचा फरक पडतो. वारा फार जोरात असेल तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी 2020 मधलं आहे. कियारा नावाच्या वादळाच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. त्या मार्गावर एरवी सहा-साडेसहा तास धरतात.

म्हणून आम्ही कधीच ‘सर्वांत कमी अंतराची’ वाट शोधत नाही. आम्ही सर्वांत कमी वेळाची किंवा कमी इंधनाची वाट शोधतो, आणि ती जवळची असेलच असं नाही. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण ऑक्टोबर 2016 मधलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त. आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोचलं, कारण जो वारा समोरून झोडपत होता तोच आता पाठीला होता. न्यूयॉर्कच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, पॅसिफिकवरून गेलं तर वाऱ्याचा फायदा जादा अंतरात बुडतो.

हाच हिशेब उत्तर-दक्षिण प्रवासात जवळपास नाहीसा होतो. मुंबई ते मॉरिशस सुमारे 4,700 किलोमीटर, वारा आडवा लागतो, त्यामुळे जायला आणि यायला सारखाच, सहा तासांच्या घरातला वेळ. तिकडच्या मराठी मंडळींना विचारा, येण्या-जाण्यातला असा फरक त्यांच्या गावीही नसेल.

अटलांटिकवर आणखी एक गंमत असते. तिथे रडारच्या टप्प्याबाहेरचा समुद्र मोठा आहे, म्हणून कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं रोज दोनदा, त्या दिवसाचा वारा पाहून, समांतर मार्गांचे संच जाहीर करतात. दिवसा युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री उलट दिशेने येणाऱ्यांसाठी. मुंबईहून रात्री सव्वाला निघालेलं विमान तिथे पोचतं तेव्हा ग्रिनिचच्या घड्याळात पहाट असते आणि समोरून अमेरिकेहून युरोपला येणारी अख्खी गर्दी वाऱ्यावर स्वार होऊन येत असते. आपलं विमान मग त्या गर्दीच्या उत्तरेने, ग्रीनलंडच्या बाजूने काढतात. आसनासमोरच्या पडद्यावर बर्फाळ ग्रीनलंड पाहून बाबांनी ‘हा कुठे निघालाय’ असं विचारलं, तर हे सांगून ठेवा.

आता तिकिटावरचे 16 तास म्हणजे नेमकं काय. विमान कंपन्या ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात तो वेळ विमानाच्या चाकांखालची अडसरं काढून ते मागे ढकललं जातं तिथून सुरू होतो आणि पलीकडे थांब्यावर लागल्यावर संपतो. हवेतला वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास कमी. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मध्यरात्रीनंतर परदेशी जाणाऱ्या विमानांची रांग लागते आणि पंचवीस-तीस मिनिटं जमिनीवरच जातात. जेएफकेलाही उतरल्यावर थांब्यापर्यंत बराच फेरा पडतो.

आणि या ब्लॉक टाइममध्ये थोडी हवा भरलेली असते. मागच्या हंगामातले वेळ पाहून कंपनी असा आकडा छापते की बहुतेक दिवशी विमान त्याच्या आत पोचावं. म्हणून ‘आज वीस मिनिटं आधी उतरलो’ अशी घोषणा ऐकू येते आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचं कौतुक नाही. ती वीस मिनिटं वेळापत्रक करणाऱ्याने आधीच बाजूला ठेवलेली असतात. हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकं वेगळी असतात, ती ऑक्टोबर आणि मार्च या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्यात वाऱ्याचा फरक धरलेला असतो. जुलैतलं तिकीट डिसेंबरच्या तिकिटाशी ताडून पाहिलंत तर जाण्याचा वेळ थोडा कमी दिसण्याची शक्यता जास्त.

वैमानिक जोरात चालवून वेळ भरून काढू शकत नाही का, असं हमखास विचारतात. शकतो, पण फार थोडा. 0.84 चा 0.86 केला तर सोळा तासांत वीस-बावीस मिनिटं वाचतात आणि इंधनाचा खर्च त्या मानाने बराच वाढतो. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचलं तर तो बहुधा वाऱ्याचा आणि आधीच धरलेल्या फुगवट्याचा प्रताप.

घड्याळाचा घोळ आता सोडवून टाकू. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक असते. नुसती वजाबाकी केली तर जाताना साडेपाच तास येतात आणि येताना सव्वापंचवीस, दोन्ही निरर्थक. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, म्हणजे फरक साडेदहा तासांचा. रात्री 1:10 ला निघून 16 तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे 5:10 वाजतील, त्यातून साडेदहा काढा, सकाळचे 6:40. बरोबर. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळ तासाने पुढे नेते (मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार), तेव्हा फरक साडेनऊ. आमच्या खात्यात सगळं ग्रिनिचच्याच वेळेने चालतं, आणि त्यासाठी एक जुनी भारतीय युक्ती आहे. काट्याचं मनगटी घड्याळ उलटं धरा. आपले साडेपाच असतील तर बारा वाजलेले दिसतील. उलट्या घड्याळात ग्रिनिचची वेळ दिसते.

वेळेचे पट्टे पाठ नसतील तर दुसरी युक्ती सांगतो. जातानाची खोटी वजाबाकी आणि येतानाची खोटी वजाबाकी मिळवा आणि निम्मे करा. साडेपाच अधिक सव्वापंचवीस म्हणजे पावणेएकतीस, त्याचे निम्मे 15 तास 22 मिनिटं. ही दोन्ही बाजूंच्या प्रवासाची खरी सरासरी, कारण स्थानिक वेळेतला फरक एकदा उणे आणि एकदा अधिक होऊन उडून जातो. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना चालतं, फक्त मधल्या काळात कुठे घड्याळ पुढे-मागे झालेलं नसावं.

आणि तिकीट हाती नसताना अंदाज करायचा असेल तर मी असा करतो: सरळ अंतरात तीन टक्के मिळवा, 880 ने भागा, वर पाऊण तास घाला. मग पश्चिमेला लांब जायचं असेल तर पाच टक्के वाढवा, पूर्वेला यायचं असेल तर पाच टक्के कमी करा. मुंबई-न्यूयॉर्कला यातून जाताना सोळा तासांच्या आणि येताना साडेचौदा-पावणेपंधराच्या जवळचे आकडे येतात. भारतीय कंपनीचं विमान असेल आणि आकाशबंदी चालू असेल तर अर्धा तास वर ठेवा.

प्रवाशांना न दिसणारी बाजू इंधनाची. बोइंग 777-300ईआर सारख्या विमानात सुमारे 1,81,000 लिटर, म्हणजे 145 टनांच्या आसपास इंधन मावतं आणि उडतानाचं कमाल वजन 351 टन. म्हणजे विमानाच्या वजनात मोठा वाटा इंधनाचा. प्रवासापुरतं भरून भागत नाही. अंदाज चुकला तर म्हणून ठरावीक टक्के, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं, आणि शेवटी हवेत अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं, ज्याला हात लावायची वेळ आली तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. समोरचा वारा वाढला की एक तासाचं इंधन जास्त घ्यावं लागतं, आणि हे जादा इंधन वाहून नेण्यातच त्यातला तिसरा हिस्सा तरी जळून जातो. वजनाची मर्यादा तर तीच. मग आधी माल कमी होतो, क्वचित काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. हिवाळ्यात जाणारं विमान भरलेलं नसताना ‘जागा नाही’ असं उत्तर मिळालं तर त्यामागे हे असू शकतं. भरलेलं विमान सुरुवातीला फार उंच जाऊही शकत नाही. तीस-बत्तीस हजार फुटांवर सुरुवात करतं आणि इंधन जळून हलकं होईल तसं टप्प्याटप्प्याने अडतीस-चाळीस हजारांपर्यंत चढतं.

दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत सतत असा विमानतळ हाताशी ठेवावा लागतो, जिथे एका इंजिनावर ठरलेल्या वेळेत पोचता येईल. अटलांटिकवर आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडाचं गूस बे आणि गँडर ही त्यातली नेहमीची नावं. तिथे त्या रात्री बर्फाचं वादळ असेल तर वाट दक्षिणेला सरकते आणि प्रवास लांबतो, विमानात बसलेल्यांना कारण कळतही नाही. अशा ठिकाणी प्रत्यक्ष उतरावं लागलं तर काय होतं हे जून 2023 मध्ये दिसलं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरलं. 216 प्रवासी सुखरूप होते, पण मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे न्यायला दोन दिवस गेले.

एवढं सगळं असूनही विनाथांबा प्रवास हा नवाच आहे. 8 जून 1948 ला मुंबईहून लंडनला पहिलं विमान निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत. 14 मे 1960 ला एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा 707 विमानाने लंडनमार्गे सुरू झाली. मुंबईत बसून थेट न्यूयॉर्कला उतरणं त्यांच्याकडे 2007 च्या ऑगस्टात जमलं. त्याहून लांबचे मार्गही आज आहेत. सिंगापूर ते न्यूयॉर्क 15,300 किलोमीटरहून अधिक, सुमारे साडेअठरा-एकोणीस तास.

मधे थांबा घेतला तर काय, हाही प्रश्न यातच येतो. इथे अंतर पाहू नका. मुंबई-लंडन-न्यूयॉर्क 12,750 किलोमीटर, मुंबई-दुबई-न्यूयॉर्क 12,950 च्या आसपास. थेट वाटेहून दोनशे-चारशे किलोमीटरच जास्त. जादा वेळ जातो तो पुन्हा उतरण्या-चढण्यात आणि मधल्या थांब्यात. एकूण वीस ते चोवीस तास धरा. गुडघे दुखणाऱ्या, रात्री वारंवार उठावं लागणाऱ्या आई-बाबांना मी थेट विमान सांगतो, पण सलग सोळा तास बसणं डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर थांबाच बरा. त्यात अबू धाबीचा एक फायदा आहे: अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर ते देशांतर्गत प्रवाशांसारखे सरळ बाहेर पडतात. इंग्रजीत उत्तरं द्यायला बिचकणाऱ्यांना पहाटे जेएफकेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते सोपं जातं.

तुमच्या आई-बाबांच्या विमानाबद्दल आणखी एक. रात्री 1:10 ला निघून सूर्याच्या पुढे पळत ते न्यूयॉर्कला 6:40 ला उतरेल, आणि डिसेंबरात तिथे सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे अख्खे सोळा तास खिडकीबाहेर रात्र असेल. औषधं ‘सकाळची’ आणि ‘रात्रीची’ अशी ओळखत असतील तर चुकणार. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबात लिहून घ्या आणि एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. चाकाची खुर्ची तिकिटासोबतच नोंदवा, काउंटरवर जाऊन मागू नका.

मुलाला सांगा की विमान सुटल्यावर दोन-तीन तासांनी उड्डाण दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पोचण्याची वेळ बघ. तोवर फ्लाइट प्लॅनमधला वारा प्रत्यक्षाशी ताडून झालेला असतो, आणि ती वेळ दहा-पंधरा मिनिटांपलीकडे सहसा चुकत नाही. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, कस्टम्स यांत तास-दीड तास जातो. एडिसनहून तो साडेपाचला निघाला तर आई-बाबांच्या आधी दारात उभा असेल.